पाणी जातं कुठं

सोमवार, ६ फेब्रुवारी २००६. पहाटे ५ वा. २० मि.

बॉनेट उघडून कूलंटच्या बाटलीवर स्केच पेनने रेघ मारत होतो. काका दात घासत मागे येऊन उभे राहिले. "काय नक्षी काढतोस रे?"

पाणी कमी होतंय, म्हटलं.

"गाडी हाय ती. पाणी पिणारच. बैल पीत नाय?"

काका एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. तिकिटं फाडली, बॉनेट एकदाही उघडलं नसेल. पण गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा, कारण गाडी त्यांची. डिसेंबरात पाचगणीच्या एका डॉक्टरकडून घेतली. पांढरी, डिझेल, पाच सीटची. कागदावर ते, स्टिअरिंगवर मी.

शुक्रवारी संध्याकाळी बाटली 'फुल'च्या खुणेपर्यंत भरली होती. आज 'लो'च्या एक बोट खाली. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता, तो खडखडीत कोरडा. पाईप हाताने चाचपले, कोरडे. रेडिएटर कोरडा. मग पाणी जातं कुठं? काकांना विचारलं. काका चूळ भरायला गेले.

मंगळवार, ७ फेब्रु.

लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही. पेण ते धाटाव, रोह्याजवळच्या कंपनीपर्यंत फेरी, जनरल शिफ्ट, तीन माणसं, महिन्याच्या बोलीवर, पैसे एक तारखेला आगाऊ. दहावीला गणितात उडालो त्याला सात वर्षं झाली. त्यानंतर महिन्याच्या बोलीवर मिळालेलं हे पहिलं काम. काका म्हणतात, मार्चअखेरपर्यंत फेरी नीट चालली तर गाडी तुझ्या हाती, नाहीतर एप्रिलात विकतो. म्हणजे गाडी बंद पडता कामा नये. पाणी संपलं की गाडी बंद पडते. एवढं गणित मलाही येतं.

आज ओतलेलं पाणी: ३०० मि.लि. पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर शंभर-शंभरच्या खुणा करून घेतल्या आहेत. आई म्हणाली, "औषध देतोस का गाडीला?"

बुधवार, ८ फेब्रु.

पेणला स्टँडमागच्या बाळूच्या गॅरेजात. पाटीवर 'सर्व प्रकारची दुरूस्ति'. एका शब्दात दोन चुका, आणि हा माणूस माझं इंजिन तपासणार.

तपासलं म्हणजे काय, लांबूनच बघितलं. "झाकण बदल. रिंग मेलीय. वाफ होऊन जातंय सगळं." मी विचारलं, वाफ जात असेल तर झाकणाभोवती डाग का नाहीत? बाळू पोऱ्याकडे बघून म्हणाला, "शाळेत होतास का रे तू?"

झाकण बदललं. १२० रु.

गुरुवार, ९ फेब्रु.

झाकण नवीन. पाणी तेवढंच कमी. बाळूला सांगणार नाही. त्याला आनंद होईल.

काचेचं लिहायचं राहिलं. रोज सकाळी पुढची काच आतून चिकट असते. बोट फिरवलं तर रेघ उमटते, तेल लावल्यासारखी. वर्तमानपत्राने पुसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गाडीत एक गोडसर वास पण असतो, पोटात ढवळणारा. माणसं बसतात म्हटल्यावर हे आलंच. मागे कुलकर्णी साहेब, कंपनीत हिशेब बघतात, डोक्याला खोबरेल इतकं की सीटच्या पाठीला गोल डाग पडलाय. त्यांच्या शेजारी घरत, इलेक्ट्रिशियन, तंबाखू मळतो आणि तोंड भरलेलं असतानाच बोलतो. पुढे मोकलताई. त्या वडखळ नाक्यावर चढतात, घर धरमतरकडे, खाडीच्या कडेला. कंपनीच्या लॅबमध्ये आहेत. बाई म्हणून पुढची सीट. बाकीच्या दोघांना त्यांनीच गोळा केलं, हे खरं आहे. त्याचं त्या कधी बोलून दाखवत नाहीत, हेही खरं आहे. पण त्यांच्या पायाशी रोज एक स्टीलचा डबा असतो, नाहीतर पिशवी. रोह्यातल्या बायका त्यांच्याकडून मासळी मागवतात. गाडी माणसांसाठी आहे की बाजारासाठी, हे एकदा विचारायचं आहे.

शनिवार, ११ फेब्रु.

सकाळी साडेआठला तिघांना धाटावला सोडलं की पाचपर्यंत मी मोकळा. आज रोह्यातल्या मोठ्या गॅरेजात गेलो. इथे पाटी इंग्रजीत, म्हणून शेठ स्वतःला इंजिनियर समजतो. त्याचा तर्क असा: "पाणी बाहेर पडत नाय ना? मग आत जातंय. इंजिनात. हेड गेलं तुझं. हेड काढावं लागंल."

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. खर्च नऊ ते बारा हजार. गाडी पाच दिवस आत.

रद्दीतून घेतलेल्या मोटारीच्या पुस्तकात दिलंय की हेड गेलं तर ऑइल दुधाळ चहासारखं होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात. माझ्याकडे तिन्हीपैकी एकही नाही. शेठला हे सांगितलं. "पुस्तक वाचून गाडी दुरुस्त होती तर आम्ही कशाला बसलो असतो?"

कशाला बसलात ते मला दिसतंय, असं मनात म्हटलं.

हेड काढू दिलं नाही.

सोमवार, १३ फेब्रु.

भिसे खिंडीत तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर गेला. घरत मागून म्हणाला, "मास्तर, काटा काय म्हणतोय?" मी माणसांच्या चुका दुरुस्त करतो म्हणून हा मला मास्तर म्हणतो. त्याच्या रजेच्या अर्जात 'आजरी' लिहिलं होतं. सांगितलं, तर आभार मानायचे सोडून नाव ठेवलं.

काटा खाली येईपर्यंत गाडी हळू ठेवली.

उतरताना मोकलताई म्हणाल्या, "सुधीर, पायाखाली ओलं लागतंय बघ. चप्पल भिजली माझी."

बघितलं. मॅटखालचं कापड खरंच ओलं. डबा होता त्याच जागी.

बोललो नाही.

मंगळवार, १४ फेब्रु.

नवी रबरी मॅट, १८० रु. जुनी उचलली तर खालून पाणी टिपकलं. वास मासळीचा नाही, तोच गोडसर. मासळीवर काहीतरी लावून आणत असतील. खाडीच्या लोकांच्या तऱ्हा आपल्याला काय माहीत? आपण भात आणि वालाची माणसं.

पाणी आज ३५० मि.लि.

बुधवार, १५ फेब्रु.

पुन्हा रोह्याच्या शेठकडे. जायला नको होतं. हेड काढू देत नाही म्हणून रागावला होता, तरी पैसे सुटू नयेत म्हणून एक छोटं काम काढलं. थर्मोस्टॅट वॉल्व्ह, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून हातात दिला. "इकडं याचं काय काम? थंडीच्या गावची गाडी, थंडीच्या गावचे लाड. काढून टाक, पाणी मोकळं फिरंल." १५० रु. काढण्याचे. काही काढून टाकण्याचेही पैसे घेणारा माणूस मी प्रथमच बघितला.

वॉल्व्ह रुमालात गुंडाळून डिकीत ठेवलाय. फेकला नाही.

आजच दोन लिटर हिरवं कूलंट आणलं, ३२० रु. आजवर सगळे साधं पाणीच ओतत होते, मीसुद्धा. पुस्तकात साधं पाणी चालत नाही असं आहे. काका म्हणाले, "एकशे साठ रुपये लिटर? दुधापेक्षा महाग? गाडीला दूधच पाज की."

शुक्रवार, १७ फेब्रु.

व्हायचं ते झालं. भिसे खिंडीत, चढावर, ७.४० ला बॉनेटमधून वाफ. बाटली रिकामी. काल संध्याकाळी 'फुल' होती, मी स्वतः बघितली होती. चाळीस मिनिटं थांबलो. निवल्यावर दोन लिटर पाणी ओतलं. धाटावला पोचलो तेव्हा ९.२०. तिघांनाही लेट मार्क.

कुलकर्णी साहेब: "हे असं चालायचं नाही हं. एकदा ठीक. पुन्हा झालं तर आम्हाला दुसरी सोय बघावी लागेल."

घरत: "साहेब, पोपटीचं मडकं लावलं असतं तर इंजिनावर वालाच्या शेंगा शिजल्या असत्या."

मोकलताई: "नवं पोरगं हाय, शिकतंय. तुमची एसटी काय कधी बंद पडत नाय?"

त्यांचा कनवाळूपणा मला नको होता. पोरगं म्हणे. तेवीस वर्षांचा आहे मी.

शनिवार, १८ फेब्रु.

बोललो.

वडखळ नाक्यावर ताई चढत होत्या, हातात डबा. मॅट नवी, कालपासून पुन्हा ओली. मी सरळ म्हणालो, "ताई, मासळीचं पाणी गाडीत सांडू नका. सीटखालचा पत्रा सडतो. गाडी माझी नाही."

नाक्यावरच्या चहावाल्याने मान वळवली.

ताई चढल्या नाहीत. त्यांनी डबा बॉनेटवर ठेवला, झाकण उघडलं. आत सोडे. सुकवलेली कोलंबी. "ह्ये सुकं हाय. आठ दिस उन्हात घातलेलं. सुक्याला पाणी सुटतं व्हय रे?"

घरत खो खो हसला. साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मग त्या बसल्या. हजेरी बुडेल म्हणून बसल्या, हे स्पष्ट होतं. डबा मांडीवर, पाय उचलून सीटच्या कडेला टेकवलेले, एक तास दहा मिनिटं. घरतने तंबाखूसुद्धा मळली नाही.

संध्याकाळी नाक्यावर उतरताना म्हणाल्या, "सोमवारपासून मी एसटीनं जाईन."

आगाऊ दिलेल्या पैशांबद्दल एक शब्द नाही. ते मागितले असते तर बरं झालं असतं. मागणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं.

सुके असतील आजचे. बाकीच्या दिवशी ओली मासळी नसेलच कशावरून?

सोमवार, २० फेब्रु.

पुढची सीट रिकामी. घरत पुढे बसायला आला नाही. "नको. माझ्या घामाचं पाणी सांडलं तर काय घ्या."

कुलकर्णी साहेबांनी नागोठण्याजवळ सांगितलं, अगदी शांतपणे, हिशेब सांगतात तसं: "हे बघ, मी तुला ओळखत नव्हतो. मोकलबाई म्हणाल्या म्हणून आलो. मार्चचं काय करायचं ते महिनाअखेर बघतो."

घरतने मान डोलावली. त्याचाही निर्णय साहेबांच्या तोंडूनच.

संध्याकाळी घरी आल्यावर मॅट उचलली.

ओली.

सीट रिकामी होती. डबा नव्हता. चप्पल नव्हती. पाण्याची बाटलीसुद्धा कोणी पुढे ठेवली नव्हती. पांढरं फडकं दाबलं. उजेडात धरलं. फडकं हिरवट.

मंगळवार, २१ फेब्रु.

सकाळी निघताना मॅटखाली जुना टॉवेल घडी करून ठेवला. धाटावला पोचल्यावर माझ्या खुणांच्या बाटलीत पिळला. १८० मि.लि. इंजिनातल्या बाटलीत कमी झालं साधारण २५०. उरलेलं काचेवर आणि हवेत गेलं असेल. चिकट काच. गोड वास.

म्हणजे पाणी गाडीतच पडतंय, माणसांच्या बाजूला. पण तिकडे पाण्याचं काय काम? पुस्तकाचं ते पान फाटलेलं आहे. रद्दी.

खोबरेल तेलालाही नावं ठेवली होती. असो.

बुधवार, २२ फेब्रु.

रोह्याच्या शेठकडे गेलो नाही. कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीला गेलो. तिथे एक म्हातारे चाचा रेडिएटर झाळायचं काम करतात. पाटीच नाही, त्यामुळे चुका नाहीत. लोखंडी टाकी, गॅसची बत्ती, बसायला खोकं.

सगळं सांगितलं. तारखा, मापं, झाकण, वॉल्व्ह. त्यांनी वही हातात घेतली, एकेक पान बघितलं. आजवर वही बघून न हसलेला हा पहिला माणूस.

"मंग हेड काढाया कोन सांगतो?"

रोह्याचा शेठ. म्हणतो पाणी आत जातंय.

"आत म्हंजे कुठं आत?"

इंजिनात.

"तो इंजिनात म्हनतो. गाडीला आत एकच हाय का?" मग गाडीत डोकं घालून वास घेतला. "गाडी कुठली?"

पाचगणीची.

चाचा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "अरे बाला, मंग तिला हीटर असल. तिथं मानसाला थंडी वाजते. इंजिनाचं गरम पानी डॅशबोर्डच्या मागं छोट्या रेडिएटरमदी फिरतं, त्यावरनं वारा येतो. तो फुटलाय. इकडं पन्नास गाड्यांना हीटर असल, पन कोन लावनार? पेनला कोनाला थंडी वाजली? म्हनून कोनाच्या डोक्यात येत नाय."

डॅशबोर्डवर लाल-निळी पट्टी आहे, सरकणारी. रोज सकाळी फडक्याने पुसतो. ती कशाची, हे आजवर एकदाही कोणाला विचारलं नाही. मी, जो प्रत्येकाला विचारत फिरतो. त्या पट्टीवर काकांनी देवाचा हार अडकवलाय.

आणि रोह्याचा शेठ स्वतः म्हणाला होता, थंडीच्या गावचे लाड. पुढचं वाक्य त्याच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलं. शेठ मूर्ख आहे. पण ते वाक्य मीही ऐकलं होतं.

चाचांनी इंजिनाकडून हीटरला जाणारे दोन पाईप सोडवले आणि एका वाकड्या पाईपाने एकमेकांना जोडले. पाणी आता आत जाणारच नाही. वॉल्व्ह मी डिकीतून काढून दिला, तो त्यांनी परत बसवला. "ह्यो कोनी काढला? त्याला सांग, मानसाचं पन काळीज काढलं की रगत मोकळं फिरतं."

पाईप आणि क्लिपा ८५ रु. मजुरी विचारली. "आदी हप्ताभर चालव. पानी ऱ्हायलं तर बगू."

गुरुवार, २३ फेब्रु.

पाणी: रेघेवर. मॅट कोरडी.

काकांना सांगितलं. "मी म्हणत नव्हतो, गाडीला काय झालेलं नाय?"

शुक्रवार, २४ फेब्रु.

रेघेवर. खिंडीत काटा मधल्या खुणेच्या खाली. काच स्वच्छ. वडखळ नाक्यावर एसटीच्या रांगेत मोकलताई उभ्या होत्या. मी गाडी हळू केली. त्यांनी बघितलं आणि मग बसच्या दिशेने बघितलं. बस अजून आलेली नव्हती.

घरत: "मास्तर, आता गाडी चांगली झाली. बसायला मात्र कोणी नाय."

शनिवार, २५ फेब्रु.

दुपारी गाडीत बसून चिठ्ठी लिहिली. चौथी प्रत पाठवली. मजकूर असा: 'मा. मोकलताई, गाडीत सांडलेले पाणी गाडीच्याच हीटरचे होते, हे तपासाअंती सिद्ध झाले आहे. आपणास झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे. सुधीर.' घरतकडे दिली, कारण तो लॅबमध्ये दिवे बदलायला जातो. त्याने अर्थातच आधी स्वतः वाचली. "दिलगीरच्या गीला दुसरी वेलांटी का रे?" दुसरीच असते, म्हटलं.

संध्याकाळी निरोप आणला. गाडीत, साहेबांच्या देखत, ताईंचा आवाज काढून सांगितला: "शुद्धलेखन चांगलं हाय म्हणाव. पण बोलला चारचौघांत, आणि चिठ्ठी गुपचूप कशाला?"

साहेब हसले. त्यांना हसताना प्रथमच बघितलं. दात लहान आहेत.

रविवार, २६ फेब्रु.

सुट्टी. पाणी रेघेवर. तीनदा बघितलं.

काका म्हणतात, त्यात काय एवढं? एका पॅसेंजरने काय होतं? एसटीत आम्ही रोज भांडायचो. काकांशी बोलणं म्हणजे बसच्या पाठीमागे धावणं.

एका पॅसेंजरने काय होतं ते मला माहीत आहे. त्या आल्या नाहीत तर मार्चात साहेब नाहीत, साहेब नाहीत तर घरत नाही. पण आज सकाळपासून फेरीचा विचार मनात दुसरा येतो. पहिला येतो तो पाय उचलून बसलेल्या बाईचा. एक तास दहा मिनिटं.

सोमवार, २७ फेब्रु.

नाक्यावर पोचलो ७.०० ला. गाडी एसटीच्या रांगेपुढे बाजूला घेतली. साहेब म्हणाले, "अरे, उशीर होईल." होऊ दे म्हणालो. असं त्यांना मी कधी बोललो नव्हतो.

पंधराएक माणसं रांगेत. चहावाला तोच. वाक्य पाठ केलं होतं, 'तपासाअंती' वगैरे. तोंड उघडल्यावर त्यातलं काही आलं नाही. म्हणालो, "ताई, गाडीतलं पाणी गाडीचंच होतं. तुमच्या डब्याचं नव्हतं. मी खोटं बोललो."

आवाज फाटला. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "काय, काय म्हणतो तो?" दुसऱ्याने त्याला समजावून सांगितलं, तेही चुकीचं. त्याच्या मते मी पाणी चोरलं होतं.

ताई म्हणाल्या, "खोटं नाय बोललास. न बघता बोललास. डब्यात काय हाय, एकदा विचारायचं तरी."

हो म्हटलं.

"हीटर म्हणं."

हो.

"इथं?" आणि तोंडाला पदर लावला. हसल्या की काय, सांगता येत नाही. लिहितो ते इतकंच, पदर लावला.

मग मी खिशातून ४०० रु. काढले. न बसलेल्या आठ दिवसांचे, रोजचे ५० प्रमाणे, उद्याचा धरून. त्यांनी हात मागे घेतला. "नाक्यावर बाईमाणसाला पैसे देतोस व्हय? लोकं काय म्हणतील? ठेव आत!"

बस आली. ताई, गाडी ठीक आहे आता, मी म्हणालो. त्या पायरीवर चढता चढता म्हणाल्या, "पास काढलाय मी महिन्याचा. तो काय फुकट घालवू?"

बस गेली. गाडीत बसलो तर घरत म्हणाला, "चिठ्ठी गुपचूप आणि पैसे चारचौघांत. मास्तर, उलटंच शिकलास रे तू."

धाटावला ८.२७. लेट नाही.

मंगळवार, २८ फेब्रु. संध्याकाळी ६ वा. ५० मि.

पाणी रेघेवर, सहावा दिवस.

कुलकर्णी साहेबांनी मार्चचे पैसे आज दिले नाहीत. "उद्या एक तारीख ना? उद्या बघू." घरत म्हणाला, साहेब बघतील तसं.

चाचांकडे गेलो होतो. मजुरी विचारली. "हप्ता झाला का?" नाही, उद्या होतो. "मंग उद्या ये." इतका मोजून चालणारा माणूस रोह्यात दुसरा नाही.

खर्च: झाकण १२०, वॉल्व्ह काढणे १५०, मॅट १८०, कूलंट ३२०, पाईप-क्लिपा ८५. एकूण ८५५. यातले ४५० रुपये झाकण, वॉल्व्ह आणि मॅट यांचे, म्हणजे पाण्याशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा गोष्टींवर.

देणे: चाचा, मजुरी, आकडा उद्या. मोकलताई, ४००, घेतलेले नाहीत. त्यांचा पास २१ मार्चला संपतो.